घराला शिवलेला सदरा

ती. आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढंच वाकून, उरलेला तू मनाने धरून घे).

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. संध्याकाळची वेळ आहे, वारा सुटलाय, मी छान निवांत बसलोय आणि तुला सविस्तर पत्र लिहायला सवड मिळाली आहे. (ही सवड कशी मिळाली ते आत्ताच विचारू नकोस.)

तुला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी चिमी चार दिवस माहेरी म्हणून आली आणि आपल्याच घरात तिला डेंग्यूने धरलं. मी पडलो शिंपी. माणूस दिसला की नजर आपोआप माप घेते, मग तो गिऱ्हाईक असो की रस्त्याने जाणारा पोस्टमन. दवाखान्यात सलाईन लावलेला चिमीचा दंड मी रोज बघायचो आणि रोज माप कमी भरायचं. मी भ्यालो होतो, आक्का. खरंच भ्यालो होतो. पोर बरी झाली, यंदा तिला मुलगी झाली, मी आजोबा झालो, पण नात काही आजोळी येईना. कारण आमच्या विहीणबाई. त्या जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त झाल्यात म्हणे (हे त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही). त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "त्या घरात डास आहेत तोवर बाळ पाठवणार नाही. घर नीट करा, मी येऊन बघेन, मग ठरवू." मला राग आला. सगळ्यात जास्त राग याचा आला, की बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

मग मी कंबर कसली. आमच्या चौकात आरोग्य खात्याच्या एक मॅडम येऊन सांगून गेल्या होत्या, की डास काही बेल वाजवून येत नाही. तो खिडकीतून येतो, दाराखालून येतो, छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून येतो आणि घरात साठलेल्या पाण्यात संसार थाटतो. मी अर्धंच ऐकलं आणि कामाला लागलो. दुकानातल्या सगळ्या चिंध्या त्या फटीत कोंबल्या, खिडक्यांना गाद्यांचं कापड ठोकलं आणि घर असं बंद केलं, की दुपारपर्यंत आत इडल्या वाफवता आल्या असत्या. तुझी भावजय लाल चेहऱ्याने बाहेर आली आणि म्हणाली, "या घरात आता डासही जगणार नाही आणि मीही." मग मॅडमना गाठून उरलेलं अर्धं ऐकलं. वारा आत आला पाहिजे, डास येता कामा नये, म्हणजे समोरासमोर मोठ्या खिडक्या हव्यात आणि सगळीकडे बारीक जाळी. जाळी! अगं, जाळी म्हणजे कापडच की! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. घर म्हणजे गिऱ्हाईक आणि मला त्याला अंगभर सदरा शिवायचा होता.

मी टेप घेऊन घराभोवती फिरलो. खिडक्यांची छाती, दारांची उंची, छपराचा गळा, सगळं मापलं. शेजारचे म्हणाले, याला ऊन लागलं. चौकटी करायला सुताराला बोलावलं. (आपला तोच सुतार, जो तुझ्या कपाटाला तीन पाय सारखे आणि चौथा स्वतःच्या मर्जीने लावून गेला.) आठवडाभर माझं मशीन आणि त्याचा रंधा यांची जुगलबंदी चालली. जाळी बसवली, टाचली, दोघांनी लांब उभं राहून कौतुकाने बघितली, आणि संध्याकाळी घरात डासांचं संमेलन भरलं. झालं होतं असं, की मी हयातभर गिऱ्हाइकाला श्वास घेता यावा म्हणून ढिलाई सोडत आलो, तशी सवयीने घरालाही सोडली. आणि सुतार हयातभर दमट हवेत लाकूड फुगतं म्हणून फट सोडत आला, तशी त्यानेही सोडली. माझी ढिलाई आणि त्याची फट नेमकी एकाच बाजूला आली. तिथून डास काय, कावळा गेला असता, तोही पंख पसरून. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांना जे सुनावलं ते तुला लिहीत नाही, तू मोठी आहेस.

मग सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं, या वेळी पैलवानाच्या लंगोटासारखं घट्ट. पाण्याच्या टाकीला इलॅस्टिकची टोपी घातली. पन्हाळीला उतार दिला. आणि पुढच्या दाराला आमच्या दोघांच्या कलेचा कळस: दारासमोर कपाटाएवढी एक खोली, बाहेर माझं जाळीचं दार, वरपासून खालपर्यंत चेन लावलेलं, आणि आत सुताराचं लाकडी दार. त्याने अशी खिट्टी बसवली, की बाहेरची चेन पूर्ण लागल्याशिवाय आतलं दार उघडतच नाही. म्हणजे माणसाबरोबर आलेला डास मधेच अडकणार. आम्ही इतके खूष झालो, की सुताराने मला मिठी मारली (खिशात खिळे होते, पण असो).

आणि विहीणबाई आल्या. मी अदबीने त्यांना मधल्या खोलीत घेतलं, रुबाबात चेन ओढली, आणि त्यांच्या पर्सचा पट्टा चेनमध्ये अडकला. आता चेन वर जाईना, खाली येईना. चेन लागत नाही म्हणून आतलं दार उघडेना. बाहेर ट्रायलला आलेली गिऱ्हाइकं जमली, त्यातल्या एकाची एकच बाही लावून झाली होती. आत आम्ही दोघं, नाकाला नाक लागेल इतक्या अंतरावर. मी हवापाण्याच्या गप्पा काढल्या. तेवढ्यात उघड्या राहिलेल्या फटीतून एक डास आत आला, त्याने दोघांकडे बघितलं आणि तो माझ्या गालावर बसला. विहीणबाईंचा हात उठला. आक्का, शाळेतल्या कित्येक पिढ्या त्या हाताखालून गेल्यात, आणि त्या सगळ्यांबद्दल मला आता आदर आहे. आवाज सुताराला कोपऱ्यावर ऐकू गेला. बाईंनी तळहात निरखला आणि समाधानाने म्हणाल्या, "चावायच्या आत मेला."

माझ्या खिशात दोरा कापायची छोटी कात्री असते. गाल चोळत मी ती जाळीच्या शिवणीला लावली, तर बाई कडाडल्या, "जाळीला हात लावू नका! पट्टा कापा!" नवी कोरी पर्स गं. मी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या, "पट्टा शिवता येतो. तुम्ही शिंपीच ना?" त्या क्षणी मला कळलं, आपण पास झालो.

आत त्यांनी पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, फ्रिजमागचा ट्रे स्वतः उपसला, एकच दोष काढला (त्याबद्दल खाली), आणि म्हणाल्या, "बाळ पाठवते. पण मीही येते." परवा चिमी, नात आणि विहीणबाई, तिघी आल्या. घरात एक डास नाही, आणि मी एवढा आनंदात आहे, की काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला चक्क तीन बाह्या लावल्या.

भाऊजींना नमस्कार. तब्येत सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. तो एकच दोष म्हणजे तू कौतुकाने दिलेली काचेच्या बरणीतली वेल. तू म्हणाली होतीस, पाणी बदलू नको, मुळं दुखावतात. मी बदललं नाही. तळाशी डासांच्या अळ्या पोहायला शिकत होत्या. कुणी दिली असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं बाजारातून आणली. वेल आता कुंडीत मातीत आहे आणि खुशाल आहे. तू आलीस की कृपा करून "माझी बरणी कुठंय?" असं मोठ्याने विचारू नकोस.

ता. क. २. आता खरी गोष्ट. दिवेलागणीला दारं बंद, नंतर आलेल्याने बाहेर थांबायचं, असा विहीणबाईंनी नियम काढलाय. तुझी भावजयही त्यांना सामील आहे. मी चौकातून दोरा घेऊन यायला जरा उशीर केला, आणि म्हणून हे पत्र मी माझ्याच घराच्या पायरीवर बसून, एका हाताने लिहीत आणि दुसऱ्याने खाजवत पुरं करतोय. गावातले जेवढे डास घरात शिरू शकले नाहीत, ते सगळे माझ्या सोबतीला आहेत. तेव्हा येताना तुझ्याकडची जुनी मच्छरदाणी घेऊन ये. बसलेल्या माणसाच्या मापाची.

ता. क. ३. आत्ता चिमी बाळाला घेऊन जाळीपाशी आली होती. बाळाने जाळीला तळवा लावला, मी बाहेरून बोट लावलं. नजरेने माप घेतलंच. चिमीचा दंड पुन्हा भरलाय गं. आणि नातीचं झबलं आत्ताच काखेत तटतटतंय. उद्या नवं बेततो. त्यात मात्र ढिलाई सोडणार आहे, भरपूर.