आठीवाल्याचा तुकडा

मामू, हे पत्र मी सात वर्षं टाळलं. कागद विकत घेतला की मला दुसरंच काही सुचतं. मागचा कागद उम्म अल कुवैनमध्ये सुके मासे बांधण्यात गेला. मासे मात्र फार चांगले होते. असो.

आज दुबईच्या बर दुबई भागात, खाडीच्या धक्क्याजवळ, चहाच्या दुकानात बसलोय. इथे नवा टीव्ही आलाय. तो बघून तुमची थेटरातली केबिन आठवली. वर उघडं आकाश, खाली वाळूत बाकं, आणि पिक्चरच्या मशीनपाशी बनियनवर तुम्ही, हाताखाली मी. अमेरिकन पिक्चर लागला की हिरोकडे तुमचं लक्षच नसायचं. तुम्ही शोधायचात तो कपाळावर खोल आठी असलेला माणूस. कधी तारबाबू, कधी जेलर, कधी गुत्त्यातला गडी. दोन वाक्यं बोलायचा आणि बहुतेकदा मरायचा. त्याचं नाव आपल्याला कधी कळलंच नाही, इंग्रजी वाचतंय कोण? तो मेला की तुम्ही भिंतीवर खडूने एक रेघ ओढायचात. "अकरा वेळा मेला," तुम्ही म्हणायचात, "आणि बघ, पुढच्या पिक्चरला कामावर हजर. नाहीतर तू. एका नोकरीत महिनाभर टिकत नाहीस."

त्या शेवटच्या संध्याकाळी रीळ तीन-चार ठिकाणी फाटलं. खाली लोक "यल्ला, यल्ला", लवकर चालू करा म्हणून ओरडतायत, आणि मला दोस्तांच्या लाँचवर जायची घाई. फाटलेला भाग मी सरळ कापून टाकला आणि टोकं चिकटवली. मशीन सुरू झालं. दार उघडून आठीवाला आत येतो, ती जागा आली आणि तो आलाच नाही. तुम्ही मशीन बंद केलंत.

"छोटा नट आहे, मामू. कोणाला कळणार?"

"अकरा गोळ्यांनी जमलं नाही, ते तू कात्रीने केलंस."

मग तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा वेचला, लुंगीला पुसला, ओळीने जोडत गेलात. केबिनच्या भिंतीवर लोकांच्या चपला आदळत होत्या, तुम्ही मान वर केली नाहीत. मी बघतच राहिलो. सातासमुद्रापलीकडचा, नावही ठाऊक नसलेला माणूस, आणि त्याच्या अर्ध्या मिनिटासाठी तुम्ही अख्खं थेटर थांबवलंत. एवढी इज्जत मी आजवर कोणाच्याच कामाची केली नाही, स्वतःच्याही नाही.

एक तुकडा सापडेना. "वाऱ्याने गेला असेल," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी लाँचवर चढलो तेव्हा तुम्ही भर उन्हात बाकांखालची वाळू चाळत होतात. तुम्ही गेल्याचं मला बहरीनला कळलं, तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा फातेहाही होऊन गेला होता.

मामू, तुकडा माझ्या खिशात होता. उन्हात धरला की आठीवाला दारात उभा दिसतो, नखाएवढा, हातात टोपी घेऊन. मला तो हवासा वाटला, एवढंच. अजून जवळ आहे. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर? इथेच खलास करतो

थांबा. टीव्हीवर आत्ता कोणीतरी दार उघडून आत आलंय. केस पांढरे झालेत, हातात चहाचा ट्रे आहे. कपाळावरची आठी तीच आहे.