डॉक्टर, सरदार आणि सोळा पानं

प्रिय मावशीस,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, खरोखर घातला तर उठवायला माणूस लागेल). तुझा गुडघा आता वाकतो का, ते आधी कळव.

हल्ली काय वाचतोस, असं विचारलंस. अगं, बाइंडरला वाचायला सवड कुठली? पण वाचनालयातून दोन फाटकी पुस्तकं शिवायला आली आणि माझी मती फिरली. एक दातांच्या डॉक्टरचं विनोदी आत्मचरित्र, दुसरी रक्तपिपासू सरदाराची कादंबरी (वय तीनशे, तरी डोक्यावर केस दाट, माझं बघ). सरदाराने घाम फोडला की उतारा म्हणून डॉक्टर वाचायचा, असं करत करत मी सुई चालवत होतो. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची. शिवताना सोळा-सोळा पानांच्या दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि पानांचे आकडेसुद्धा बिनचूक जुळले, मग संशय यायचा कसा? आता डॉक्टर पेशंटला "आ करा" म्हणतो आणि पान उलटलं की पेशंट त्याच्याच मानेला चावतो! तिकडे सरदार राजकन्येच्या खिडकीतून आत शिरतो आणि तिला दोन वेळा दात घासायचं महत्त्व पटवून देतो.

वाचनालयाच्या बाईंनी बोलावणं धाडलं. माझी पाचावर धारण बसली. वीस वर्षांचं काम हातचं गेलं म्हणून समज. जाऊन बघतो तर बाई टेबलावर डोकं टेकून रडतायत. जवळ गेलो, तर हसत होत्या! डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, बिघडवलंत ते तरी किती छान!" मावशी, त्या इथे येऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. फार बरं वाटलं गं. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस इतका लाजू शकतो, हे दोन्ही पुस्तकांत नव्हतं. आता ती उसवून परत नीट करतोय. काम महाकिचकट, म्हणून रोज वाचनालयात जाऊन विचारावं लागतं. कामापुरतंच. भलतंसलतं मनात आणू नकोस.

तुझा भाचा

ता. क. भलतंसलतं मनात आण. रविवारी इकडे ये आणि माझ्यासाठी बाईंना विचार. माझी जीभ रेटत नाही.

ता. क. दुसरा : खरं सांगतो, हे काम दोन तासांचं आहे. आज अठरावा दिवस. काल कळलं की बाईंचे वडीलही बाइंडरच होते. मला दरदरून घाम फुटला. पण निघताना त्या हळूच म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या हं."