पाणी दिसणारी खिडकी

सौ. ताईंना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात निम्माच जमतो, पण कागदावर पुरा घातला आहे). तुमची कंबर, साडूभाऊंचा खोकला आणि तुमच्या गॅलरीतली ती चावरी मांजर, तिघंही बरी असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

परवा साडूभाऊंनी फोनवर विचारलं, की चष्म्याचं दुकान विकून झालं, राहत्या जागेचा करार संपत आला, तरी तुमचं घर शोधणं संपत कसं नाही. फोनवर मी विषय बदलला. ते उत्तर सविस्तर द्यायचं आहे, आणि ते तुम्हालाच दिलेलं बरं. तुमच्या धाकट्या बहिणीच्या अटी तुम्हाला ठाऊक आहेतच: गाव लहान हवं, भाव आवाक्यातला हवा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसायला हवं. आमच्या आत्ताच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसतात. संसार मांडल्यापासून हिने तेच पाहिले, आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही (बाकी सगळ्याबद्दल केली).

पहिलं गाव डोंगरावरचं. स्वस्त, शांत, आणि जाहिरातीत दरीचं विहंगम दृश्य. दलाल गृहस्थ फार सभ्य होते. गच्चीत उभं करून त्यांनी इकडे दरी, तिकडे धबधबा, त्याच्या खाली नदी, असं सगळं बोट दाखवून सांगितलं. समोर नुसतं धुकं. आम्ही उगाच माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर तेच धुकं आणि तेच बोट. धुकंच बघायचं तर मी घरी पातेल्यावरचं झाकण काढेन, असं म्हणून ही जिना उतरायला लागली.

दुसरं गाव नदीकाठी. खिडकीत नदी, अंगणात झाडं, भाव ऐकून तर मला मालकाच्या तब्येतीची काळजी वाटली. गृहस्थ घर दाखवताना अखंड आणि मोठ्यानं बोलत होते. मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. मग ते पाणी प्यायला थांबले, आणि कळलं की मागच्या भिंतीला लागून बँडवाल्यांची शाळा आहे आणि नवी मंडळी नुकतीच दाखल झाली आहेत. आम्ही पाणीसुद्धा न पिता निघालो.

तिसरं गाव तळ्याकाठचं. ताई, तिथे सगळं जमलं होतं. घरमालकीणबाई वयस्कर, एकट्या, स्वभावानं खमक्या. भाव आमच्या खिशाला झेपणारा. तळं एवढं समोर असताना इतकं स्वस्त का, असं मी विचारलं (ही माझी पहिली चूक), तर म्हणाल्या, कसलं तळं, तिकडे काहीतरी राखाडी पसरलंय आणि त्याची ओल येते. ही तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

व्यवहार तोंडी ठरला. बाईंनी चहा ओतला, तो थोडा कपात आणि बराचसा ट्रेमध्ये. एवढंच निमित्त झालं. आयुष्यभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवलेल्या माणसाचे हात शिवशिवणारच. भिंगांची पेटी माझ्या पिशवीत होतीच (ती घरी ठेवा, असं हिने निघताना बजावलं होतं). ही खाकरली. मला वाटलं, सर्दी. मग तिने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, जागा अपुरी आहे. तोवर मी बाईंना फ्रेम चढवून भिंगं बदलायला लागलो होतो, हे बरं की आधीचं, आता बरं की आधीचं. एका भिंगाला बाईंनी आतल्या दाराकडे मान वळवली. तशाच उठल्या, हिला हळूच बाजूला सारलं, आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या.

"अगं बाई, हे सगळं इथंच होतं?" म्हणाल्या. आणि मग, "मी नाही हो विकत."

मला मेल्याला त्या क्षणी आनंद झाला. मी त्यांचं अभिनंदन केलं. वर घरी येऊन कायमचा चष्मा बनवला आणि फुकट पाठवून दिला. पार्सल बांधून झालं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "सगळ्या गावाला दाखवत सुटलात. मला एक खिडकी दाखवता आली नाही तुम्हाला." ताई, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. हे चेष्टेनं लिहिलेलं नाही.

साडूभाऊंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (निदान लेखी) मेहुणा

ता. क. ही तुमच्याकडेच आहे, हे मला कळलेलं आहे. साडूभाऊ फोनवर बोलत होते तेव्हा मागून त्यांना प्रश्न कोण सुचवत होतं, ते मला ऐकू येत होतं. माझे डोळे उत्तम आहेत, तसे कानही. तेव्हा हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा. मांजरीबद्दलचं गाळलंत तरी चालेल.

ता. क. २. तळ्याच्या बाईंचा काल फोन आला. आठवडाभर पोटभर तळं बघितलं म्हणे. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं, आणि नातीच्या गालाला आपल्यासारखीच खळी पडते हे पहिल्यांदा दिसलं. पाणी बघून झालं, आता नात बघायची आहे, म्हणून त्या लेकीकडे राहायला चालल्या आहेत. भाव तोच. मात्र व्यवहार हिच्याशीच करणार. माझ्याशी नको म्हणाल्या, तुम्ही आणखी काहीतरी दाखवाल आणि माझा विचार पुन्हा बदलेल.

ता. क. ३. हिचा वाचायचा चष्मा रागाच्या भरात घरीच राहिला. तसाच एक पोस्टानं पाठवा, असं साडूभाऊ फोनवर म्हणाले होते (कुणासाठी, ते सांगितलं नाही). पाठवणार नाही. आज पहाटेच्या गाडीनं येऊन हिचा चष्मा तळ्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे, आणि हे पत्र तिथेच बसून लिहितो आहे. तिला म्हणावं, येऊन घेऊन जा.