उजव्या सोंडेची प्लेट

॥ श्री ॥
रोहा, ६ जुलै १९९८

ती. सौ. रोहिणीताईस,

हर्षदचा शि. सा. न. वि. वि. आई आणि मी ठीक. आईचा गुडघा पावसाने धरलाय, जीभ मात्र शाबूत आहे. बाबा कधी येणार, हे रोज विचारते.

ताई, लोखंडी प्लेटा कापणारं माझं टेबल एकदाचं चाललं. भंगारातल्या प्रिंटरच्या मोटरी, सायकलच्या चेनी आणि मुंबईहून आणलेला जुना कॉम्प्युटर, एवढ्यावर उभं केलंय. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मग मोटरी जराजरा फिरतात आणि गॅसकटरची ज्योत त्याच रेषेवरून जाते. आधी ज्योतीच्या जागी खडू बांधून पाहिला. एवढ्यासाठी अख्खा उन्हाळा घालवलास व्हय, असं आई म्हणाली.

खरं सांगायचंय ते वेगळंच. बाबा चार दिवस तुझ्याकडे म्हणून गेले ते अजून तिथेच आहेत. ज्या लोखंडी घोडीवर प्लेट ठेवून ते एवढी वर्षं हाताने कापत आले, ती मी टेबलाला जागा हवी म्हणून मागच्या पडवीत नेऊन टाकली, त्यांना न विचारता. त्यांच्या हाताला थरथर आलीय, कंपनीतून माल परत यायला लागला होता, हे त्यांनाही माहीत होतं. पण घोडी हलवलेली पाहिली आणि त्यांनी पिशवी भरली. ते नसले तर यंदा मूर्ती आणायची नाही, असं आईने सांगून टाकलंय. मलाही शेडात एकट्याला करमत नाही.

आपल्या आळीतला जनू विक्रीच्या मूर्ती न्यायला पेणला येतोय. त्याच्याबरोबर टेबलावर कापलेली पहिली प्लेट पाठवतो. गणपतीच काढलाय. बाबांना दाखव आणि काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव, गोड करून नको.

तुझा राग आणि लोभ दोन्ही पूर्वीसारखेच असू देत.

तुझा,
हर्षद


॥ श्री ॥
पेण, १८ जुलै १९९८

चि. हर्षदास,

रोहिणीचे अ. उ. आ. इथे पाय ठेवायला जागा नाही. ओटीवर, माजघरात, माझ्या शिलाई मशीनवरसुद्धा गणपती वाळत पडलेत. बाबा कारखान्यात मामंजींना शाडू मळून देतात. रंगकामाला त्यांनी आपणहूनच नको म्हटलं. माती मळायला हात थरथरला तरी चालतोय, म्हणाले.

तुझी प्लेट पोचली. अरे शहाण्या, सोंड उजवीकडे आहे. पेणला गणपती पाठवायचा आणि तोही उजव्या सोंडेचा? सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. याचं सोवळं कडक, हा आता टाकायचा पण नाय नि असाच ठेवायचा पण नाय, असं त्यांचं सुरू झालं. मामंजी म्हणाले, आम्ही मागणी असल्याशिवाय उजव्या सोंडेला हात लावत नाही, आणि या पोराने न मागता घरपोच दिला. आठवडाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. बाबा माती मळता मळता ऐकत होते. काल मातीचे हात धुऊन आले, प्लेट उचलली आणि उलटी करून ठेवली. सोंड डावीकडे. सासूबाईसुद्धा हसल्या.

मग ती घेऊन बाबा दारात उजेडाला गेले. कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि मला हाक मारून म्हणाले, हिला लाट हाय गो, त्याच्या टेबलाचा पण हात थरथरतोय. रागाने नाही म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं खूश पाहिलं नव्हतं. चेन सैल असणार, पोराला एकट्याला उमगायचं नाय, असं म्हणून त्यांनी २ तारखेला निघायचं ठरवलंय.

आईला नमस्कार. माझी आठवण नुसती मूर्तीपुरती ठेवू नकोस.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
रोहा, २७ जुलै १९९८

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. बाबा येणार हे वाचल्यापासून आईचा गुडघा दुखायचा थांबलाय. सोंडेची चूक सापडली. एका मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या.

पण एक पंचाईत झालीय. ती लाट मलाही दिसली होती. जनू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोटरींचे बोल्ट सोडून मी चेनी ताणून घेतल्या. आता कडेवर अंगठ्याला काही लागत नाही. बाबा येणार ते चेन बघायला, आणि बघायला तर काही उरलंच नाही. तुझं उत्तर येईपर्यंत ते इथे पोचलेले असतील, तेव्हा माझं मीच काय ते बघतो. घोडी पडवीतून आणून टेबलाशेजारी ठेवलीय.

चिडवत राहा, पण विसरू नकोस.

हर्षद


॥ श्री ॥
रोहा, ९ ऑगस्ट १९९८

चि. सौ. रोहिणीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. गाडी निडी स्टेशनात रखडली, बाकी प्रवास बरा झाला. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

टेबल पाहिलं. पोराने फार चांगलं केलंय. त्याच्या तोंडावर अजून म्हणालो नाही. त्याने एक प्लेट कापून दाखवली, कडेला लाट होतीच. मी पाना मागितला, चेनी ताणून दिल्या. पुढची प्लेट साफ निघाली. हर्षद म्हणाला, बाबा, हे मला जमलं नसतं. तुझ्या आईने चहा टाकला.

आता तुझ्यापुरतं सांगतो. या हवेत उघडं लोखंड दोन दिवसांत तांबूस होतं. टेबलाचे सगळे बोल्ट तांबूस होते, चेनी ताणायचे मोटरींचे तेवढे चकचकीत. चेनी सैल करायला त्यांना आदल्याच दिवशी पाना लागलेला. आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली ढीगभर कापलेल्या प्लेटा होत्या, सगळ्यांच्या कडा साफ. लपवायचं तर नीट लपवावं, तेही पोराला येत नाही. मला फार बरं वाटलं, रोहिणी. मी बोललो नाही, तूही बोलू नको.

मूर्ती न्यायला मी आणि हर्षद दोघं येऊ. डाव्या सोंडेची ठेवायला सांग. सासू-सासऱ्यांना नमस्कार. शाडू मळायला मात्र आता दुसरा माणूस बघा म्हणावं. इथे रोज सकाळी शेड उघडली की हर्षद विचारतो, बाबा, चेन बघता का. मी बघतो.

बापावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझे,
बाबा