थर्मोस्टॅट केव्हाच आला होता

सुलभा,

इराच्या गाडीची चावी फ्रिजवर ठेवली आहे. डॅशबोर्डवर तू चिकटवलेला गणपती नेमका टेंपरेचरच्या काट्यासमोर होता, म्हणून इंजिन तापलेलं तिला कळलंच नाही. त्याला डावीकडे सरकवलंय. त्याची काही हरकत दिसली नाही.

थर्मोस्टॅटचं मात्र तिला तूच सांग. ‘पार्ट अजून आला नाही’ असं मी तीन आठवडे म्हणत होतो, पण तो पहिल्याच शनिवारी बसवून झाला होता. पोरगी नोकरीसाठी हीच गाडी चालवत टेक्सासला निघाली म्हटल्यावर वीस वर्षांच्या गाडीला मी जरा आजारी ठेवलं.

आज तिला जाऊ दे. मी मुद्दाम लवकर ऑफिसला निघालोय. घरी असतो, तर ब्रेकचं काहीतरी दुखणं काढलं असतं.

– देवदत्त