दीर्घ आहे वात ज्याचा तो

३ जानेवारी
नातीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे. मुलाच्या घरी केवळ इंग्रजी बोलतात. रविवारी त्याची आई आमच्याकडे चहाला येणार. बाई पूर्वी रेडिओवर बातम्या वाचीत असत. नात म्हणाली, आजोबा, त्यांना सॉफ्ट-स्पोकन माणसं आवडतात, तेव्हा प्लीज. प्लीजच्या पुढे काही बोलली नाही.
लग्नात ज्येष्ठांपैकी एकाने आशीर्वादाचे भाषण करायचे आहे. कोणी, ते रविवारनंतर ठरणार म्हणे. त्यात ठरवायचे काय? उभे आयुष्य मी प्रवचने केली. पण असो.
संकल्प : रविवारपर्यंत सॉफ्ट-स्पोकन होणे.

४ जानेवारी
नातीचा इंग्रजी शब्दकोश उघडला. माणूस कसा बोलतो हे सांगणारी विशेषणे जोडीने येतात, मध्ये हायफन. पाहताच हर्ष झाला. हे तर आपले समास! सिल्व्हर-टंग्ड : रुपेरी आहे जीभ ज्याची तो. टाइट-लिप्ड : घट्ट आहेत ओठ ज्याचे तो, अर्थात मौनी. शुद्ध बहुव्रीही. विग्रह येत असताना अर्थ वाचण्यात वेळ का दवडावा? शब्दकोश मिटून परत केला. सौभाग्यवतीने विचारले, इतक्यात झाला वाचून? स्मित केले.

५ जानेवारी
सॉफ्ट-स्पोकनचा सराव. सकाळचे स्तोत्र मंद स्वरात म्हटले. सौभाग्यवती धावत आली आणि कपाळाला हात लावून ताप पाहिला. शेजारचे निवृत्त कॅप्टनही कुंपणावरून डोकावले, आज सगळं ठीक ना? त्यांच्या शंकेचे निरसन व्हावे म्हणून समासांचे भेद, उपभेद आणि अपवाद सोदाहरण विशद केले. ते झाडांना पाणी घालीत होते. नळी हातात तशीच राहिली आणि गुलाबाच्या वाफ्याचे तळे झाले. शेवटी म्हणाले, सर, यू आर लाँग-विंडेड.
घरी येऊन विग्रह केला. दीर्घ आहे वात, म्हणजे प्राणवायू, ज्याचा तो. प्राणायामाचे तेज परक्यालाही दिसते तर! सौभाग्यवतीला सांगितले. म्हणाली, वात तुम्हाला आहेच, चूर्ण वेळेवर घेत जा.

७ जानेवारी
सराव नाही. घसा खणखणीत असला की मंद बोलणे हा त्याच्यावर अन्याय वाटतो.
नातीने खूण ठरवली. तिने कानातल्याला हात लावला की मी थांबायचे. तिच्या समाधानासाठी मान्य केले. माझ्यासारख्याला त्याची आवश्यकता नाही.

९ जानेवारी, रविवार
भेट उत्तम झाली.
प्रारंभी स्वर सॉफ्ट ठेवला. विहीणबाईंना ऐकू आले नाही, म्हणून नेहमीच्या स्वरात आत्मपरिचय दिला. आय ॲम अ लाँग-विंडेड मॅन, बाय डेली प्रॅक्टिस. त्यांनी कप खाली ठेवला. प्राणायामाविषयी थोडे विवेचन केले. चहा निवला. नात सारखी कानातले चाचपत होती. मुलीचा कान दुखत असावा, डॉक्टरला दाखवले पाहिजे.
बाई कमी बोलतात, पण शब्द कसे धार लावल्यासारखे. त्यांचाही गौरव करावा म्हणून म्हटले, मॅडम, यू आर अ व्हेरी शार्प-टंग्ड लेडी. कुशाग्रबुद्धी या समासाची ही सख्खी बहीण, अशी माझी धारणा.
 आमच्या चिरंजीवांनी खिडकीकडे तोंड केले. नात पांढरीफटक.
मग विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, माझ्या घरी सगळे हे माझ्या पाठीमागे म्हणतात, तोंडावर म्हणणारे तुम्ही पहिलेच. आशीर्वादाचे भाषण तुम्हीच करायचे. फक्त पाच मिनिटं.
त्या गेल्यावर नात हसत-रडत म्हणाली, अहो आजोबा, शार्प-टंग्ड म्हणजे फटकळ! माझं लग्न मोडलं असतं! माझे मत एवढेच, शब्दकोशकर्त्यांना व्याकरण शिकवायला हवे होते.

१६ जानेवारी
भाषणाचा मसुदा नातीला आणि सौभाग्यवतीला वाचून दाखवला. विश्वोत्पत्तीपासून आरंभ केला आहे. पाच मिनिटांत पृथ्वी अजून थंड होत असते. वधूवर दृष्टिपथातही नाहीत.
काय गाळावे? पृथ्वी तर गाळता येत नाही.

२४ जानेवारी
गच्चीवर तालीम. श्वास अखंड. कॅप्टन हवापालटासाठी मुलीकडे गेल्याचे कळले. वास्तविक हवा इथे उत्तम आहे.

४ फेब्रुवारी
लग्न परवा. घसा किंचित जड. सौभाग्यवतीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि संपूर्ण मौन सांगितले. मौन या विषयावर तिच्याशी पुष्कळ वेळ बोललो. मध्येच दिसेनाशी झाली.

६ फेब्रुवारी
आवाज गेला. पूर्णपणे. पहाटे देवापुढे ओठ नुसतेच हलले.
तरीही माइकसमोर उभा राहिलो. सभागृह भरलेले. समोर नात. तिचा हात सवयीने कानाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि तिने तो मांडीवर दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. म्हणजे बोला आजोबा, हवे तेवढे बोला.
विश्वोत्पत्ती समोर उभी होती. घशातून फुंकर निघाली फक्त. बाळे, सुखी राहा. तेही मराठीत.
लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. माझ्या एवढ्या प्रवचनांत असे कधी झाले नव्हते. विहीणबाई डोळे पुसत सौभाग्यवतीला म्हणाल्या, सो सॉफ्ट-स्पोकन!
संकल्प सिद्धीस गेला. मुदत थोडी उलटली इतकेच.

८ फेब्रुवारी
डॉक्टरांनी आठवडाभर बोलणे बंद ठेवायला सांगितले आहे. सौभाग्यवतीने त्यांना विचारले, मुदत वाढवता येते का?
कॅप्टन परतले. गुलाब टवटवीत दिसले.
सायंकाळी नातीचा सासरहून फोन. सौभाग्यवतीने स्पीकर लावला. नात म्हणाली, आजोबा, आता रागावणार नसाल तर सांगते, लाँग-विंडेड म्हणजे पाल्हाळिक. मग म्हणाली, पण इथे सगळे दोन वाक्यांत बोलून गप्प होतात, मला करमत नाही. तुमचं ते भाषण राहूनच गेलं. पुढे पृथ्वीचं काय झालं?
सांगण्यासाठी सरसावून बसलो. दीर्घ श्वास घेतला. फुंकरही निघेना.
सौभाग्यवतीने फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, झाली गं थंड, एकदाची.