फाटकावरचा पूल

८ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. खोकला गेला, मुकादमाची कटकट तेवढी राहिली. आम्ही बांधतोय त्या रेल्वे पुलाचे सगळे खांब उभे राहिलेत. उद्या तुमच्या फाटकावर शेवटचा गर्डर चढवणार. रूळ वरून गेले की फाटक निघेल, तुमची केबिनही पाडतील.

समोर बसून विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते. आईला दवाखान्यात नेताना आमची टॅक्सी फाटकापाशी अडकली. मी नऊ वर्षांची, तिचं डोकं माझ्या मांडीवर. एक गाडी गेली, तरी तुम्ही फाटक उघडलं नाहीत. उलट आमच्याकडे पाठ फिरवलीत. का, बाबा?

तब्येतीला जपा. माया आहे, म्हणूनच विचारलं.

तुमची ठमी


१९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रात काय आहे, असं तुझी आत्या विचारत होती. खुशाली आहे म्हणालो.

पहिली गाडी गेल्यावर मी स्टेशनवर फोन केला. टॅक्सीत माझी बायको आहे, असंही सांगितलं. दुसरी गाडी निघालीय, उघडू नका, असं उत्तर आलं. ती सहा मिनिटांनी आली. तेवढ्यात टॅक्सी सहज पार झाली असती. पण ते आधी कुणाला ठाऊक? गाडी माणसांनी भरलेली होती. तुमच्याकडे पाहिलं असतं तर हात आवरला नसता, म्हणून पाठ फिरवली.

जरा आधी आणलं असतं तर ती वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वीस वर्षं पोटात ठेवलं. साहेबांनी शाबासकी दिली. घरी तू माझ्याजवळ जेवायला बसेनाशी झालीस. तुझं काही चुकलं नाही.

पूल बघायला मात्र बोलावू नकोस. जमेल तेवढा लोभ राहू दे.

बाबा


२ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न.

चार पत्रं लिहिली आणि फाडली, म्हणून उशीर.

काल पहिली गाडी वरून गेली. खाली रस्त्यावर कुणी थांबलं नाही, कुणी मान वर करून पाहिलंही नाही. मुकादम हिरमुसला, दोन वर्षं रक्त आटवलं ते यासाठीच का, म्हणाला. मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. इतकं सोपं झालं, बाबा, पलीकडे जाणं.

तुमच्या जागी मी काय केलं असतं, ठाऊक नाही. राग गेला, असं खोटं लिहीत नाही. पण तुम्ही तिकडे एकटे झुरायचं आणि मी इकडे एकटी धुमसायचं, हे पुरे झालं. काय भांडायचं ते एका घरात भांडू. रविवारी न्यायला येते. कपडे भरून ठेवा.

आत्याला नमस्कार. नाही म्हणायचं नाही.

ठमी